मोठ्या सरांची गोळी

सकाळी जाग आल्यावर ज्यांची बोटं उघडत नाहीत, बाटलीचं बूच काढायला ज्यांना घरातल्या कोणाला तरी हाक मारावी लागते, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. कोणतं औषध घ्या आणि कोणतं घेऊ नका, हे मी सांगणार नाही. चिखली तालुक्यात उंद्रीला आमची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये वाढवून आम्ही शेतकऱ्यांना देतो. मला कळतं ते रोपांतलं. पण या आजारपणात माझ्यावर अशी वेळ आली की ज्यांनी मला बरं केलं त्यांच्याविरुद्ध मला बोलावं लागलं. लोक विचारतात तेव्हा मी अर्धवट सांगून विषय बदलते. इथे सगळं सांगते.

हात

सुरुवात उजव्या हाताच्या मधल्या बोटापासून झाली. ट्रेच्या एकेका खणात मिरचीचं एकच बी टाकायचं असतं. ते काम मी डोळे मिटूनही करत असे. माझ्या चिमटीतून दोन-दोन, तीन-तीन दाणे पडायला लागले.

"काऊन वं, एका खणात तीन तीन दाने टाकून राह्यली?" प्रणालीच्या बाबांनी विचारलं. प्रणाली ही आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा बुलडाण्याला बी.एड. करत होती.

"बोट ऐकत नाही," मी म्हणाले.

"थंडीनं असंन."

थंडी गेली, उन्हाळा आला, तरी बोट ऐकेना. मग मनगटं धरली, गुडघे धरले. सकाळी उठून गादीवर बसायचं आणि हात कोणाचे तरी दुसऱ्याचे आहेत असं बघत राहायचं. पदर खांद्यावर घेता येईना. प्रणाली बुलडाण्याला गेली की माझी वेणी तिचे बाबा घालायचे. टोमॅटोच्या वेलाला सुतळी बांधतात तशी घालायचे. वर घट्ट, खाली सैल आणि शेवटी गाठ. ती गाठ सोडवताना केस तुटायचे, पण मी त्यांना कधी सांगितलं नाही. माणूस हातातली कामं टाकून बायकोची वेणी घालतो आहे, एवढं मला पुरे होतं.

निदानाचा दिवस

चिखलीच्या डॉ. देशमुख मॅडम आमच्या घरच्यासारख्या. प्रणाली लहान असल्यापासून आम्ही त्यांच्याकडेच जातो. त्यांनी माझा एकेक सांधा दाबून पाहिला, रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आले त्या दिवशी त्यांनी बाहेरचे पेशंट थांबवले आणि दार लोटून घेतलं. 

"शोभाताई, हा आमवात आहे. म्हातारपणी गुडघे दुखतात ते वेगळं. यात आपल्या शरीराची जी ताकद रोगाशी लढते, तीच आपल्या सांध्यांवर उलटते."

"बरा कधी होईल?"

"ताब्यात ठेवता येतो. बरा होईल असं मी म्हणणार नाही."

प्रणालीच्या बाबांनी विचारलं, "मॅडम, वांगं बंद करू का तिचं?"

मॅडम हसल्या. "वांगं खा हो. तुम्हीच त रोपं विकता." त्या चिखलीच्याच, कधीकधी आमच्यासारखं बोलतात. मीही हसले. परत येताना मोटारसायकलवर मला मागचा दांडा धरता येईना, म्हणून मी यांच्या खांद्यावर मनगट टेकवून बसले आणि गाव येईपर्यंत रडले. हेल्मेटमुळे यांना ऐकू आलं नसेल असं मला वाटलं. घरी आल्यावर ते म्हणाले, "आता पुरे. चहा मी ठेवतो."

जुन्या गोळ्या सुरू झाल्या. आठवड्यातून एकदा घ्यायच्या, आणि घेतल्या की दुसऱ्या दिवशी तोंडाची चव जाऊन मळमळ. सूज थोडी उतरायची, परत चढायची. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "शहरात विद्यापीठाच्या हॉस्पिटलात माझे सर आहेत. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. नवीन गोळीवर त्यांचं संशोधन चालू आहे. त्यांना दाखवू."

त्या सरांचं नाव मी लिहीत नाही. आम्ही सगळे पेशंट त्यांना मोठे सर म्हणायचो.

गुरुवार

गुरुवार हा मोठ्या सरांचा दिवस. पहाटेची एसटी, मग केसपेपरची रांग, मग रक्त द्यायची रांग, मग लाकडी बाकडं. त्या बाकड्यावर मला कौसल्याबाई भेटल्या. दुसरबीडच्या. जुन्या नागपूर रस्त्यावर त्यांचं भजी-चहाचं दुकान. समृद्धी महामार्ग झाल्यापासून गाड्या कमी झाल्या, तरी दुकान चालायचं. आजार माझाच, पण त्यांचा जास्त जुना. पीठ मळता येत नाही म्हणून सून मळायची आणि त्या झारा मुठीत आवळून तळायच्या.

"तुमचे हात त साजरे हायेत बाप्पा," माझे हात पाहून त्या म्हणाल्या. "माह्ये पाह्य. कोंबडीचे पाय झाले निरे."

मोठे सर आत बोलवायचे तेव्हा आधी हात हातात घ्यायचे. कॉम्प्युटर नंतर. "तुमचा हात म्हणजे तुमची नर्सरी, हो ना? मिरची कशी आहे या वर्षी?" शेकडो पेशंटमधून त्यांना माझी मिरची लक्षात राहायची. मोठ्या हॉस्पिटलात गरिबाला, खेड्यातल्या माणसाला कसं बोलतात ते ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की एवढ्यावर माणूस कसा विकत घेतला जातो. विकत हा शब्द मी आता वापरते. तेव्हा मला ती माया वाटायची, आणि आजही मला वाटतं की ती मायाच होती.

नवी गोळी सरांनीच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शोधलेली. ती घ्यायची तर आधी कॅमेऱ्यासमोर बसवून सगळं मराठीत वाचून दाखवलं. त्यात धोके होते, काळजावर म्हणजे लिव्हरवर परिणाम होऊ शकतो हेही होतं. कधीही सोडता येईल असं होतं. गोळी बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं. ती कंपनी कोणाची, हे नव्हतं. मीही विचारलं नाही. असं काही विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

गोळीने काम केलं. हे मी ठासून लिहिते, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की सगळं थोतांड होतं. थोतांड नव्हतं. एका सकाळी मी झोपेतच केस मागे सारले आणि दचकून उठले, कारण हात डोक्यापर्यंत गेला होता. मी उठून वेणी घातली, सोडली, परत घातली. प्रणालीचे बाबा दारात उभे राहून पाहत होते. "चाल, माह्यी सुटका झाली," ते म्हणाले आणि तोंड धुवायच्या निमित्ताने बाहेर गेले.

पुढच्या गुरुवारी कौसल्याबाई डबाभर भजी घेऊन आल्या. पीठ स्वतः भिजवलं म्हणाल्या. बाकड्यावरच्या सगळ्यांना वाटली. सर बाहेर आले तेव्हा त्यांनी त्यांच्यापुढेही डबा धरला, आणि सरांनी उभ्या उभ्या तीन-चार भजी खाल्ली. आम्हाला काय वाटलं असेल सांगा.

खाज

आधी तळहात खाजायला लागले. मग पाठ, मग पावलं. पुरळ नाही, काही नाही, आतून खाजायचं. जेवण बघवेना. लघवी पिवळी व्हायला लागली. मी गुरुवारी सरांना सांगितलं.

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरला नाही. ते कॉम्प्युटरवर रक्ताचे आकडे बघत होते.

"थोडं वाढलंय," ते म्हणाले. "पण तुमच्या भागात कावीळ चालूच असते. पाण्याची. शिवाय नर्सरीत फवारणीची औषधं हाताळता. पाणी उकळून प्या. गोळी चालू ठेवा, आता सोडलीत तर एवढं कमावलेलं जाईल."

"सर, खाज लई होते. रातभर डोळा लागत नाही."

"लोशन देतो."

मला पटलं. त्यांचं सगळंच पटायचं. घरी येऊन मी पाणी उकळायला लागले आणि नर्सरीत फवारणीच्या वेळी लांब बसायला लागले. खाज वाढतच गेली.

कौसल्याबाई दोन गुरुवार आल्या नाहीत. फोन केला तर सुनेनं उचलला. "आत्या पिवळ्याजर्द झाल्या. डोये हळदीसारखे. जालन्याले ॲडमिट केलं होतं."

"शहरात सरांना कळवलं का?"

"हाव, त्यांच्या हापिसातल्या मॅडमले फोन केला. त्या म्हने कावीळ बरी होईस्तोवर येऊ नका. मंग परत त्याइचाच फोन आला, का आता तुमचं नाव कमी केलं म्हून."

मी फोन ठेवला आणि माझ्याच मनाची समजूत घातली. दुसरबीडचं पाणी खराब असेल. भज्यांचं तेल असेल. जिच्या बोटांत जीव आला आहे ती बाई काय काय मान्य करते, हे तिचं तिलाच ठाऊक.

स्टेज

तेवढ्यात कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन आला. सुनेनं फोन केला होता त्याच या मॅडम; सरांच्या ट्रायलची, म्हणजे नव्या गोळीच्या चाचणीची, सगळी कामं त्या बघायच्या. शहरात मोठ्या हॉटेलात सरांचा कार्यक्रम आहे, तुम्ही पेशंट म्हणून दोन शब्द बोला, गाडी पाठवतो. सरांचा सत्कार असेल असं समजून आम्ही गेलो. मी लग्नकार्यात नेसायची साडी नेसले होते. लांब बाह्यांचा ब्लाऊज घातला, कारण हातांवर खाजवल्याचे ओरखडे होते.

हॉल थंडगार होता. सूट घातलेली माणसं, इंग्रजी भाषणं. मला स्टेजवर बोलावलं. निवेदक म्हणाला, "शोभाताई, आधी मूठ मिटत नव्हती ना? आता मिटून दाखवा." मी दोन्ही मुठी वर करून मिटल्या, उघडल्या, परत मिटल्या. टाळ्या झाल्या. साडीच्या आत माझ्या पाठीला आग लागली होती आणि मी हसत होते.

मग निवेदक सरांकडे वळला. ज्यांनी विद्यापीठात हे औषध शोधलं, ज्यांनी आपल्या कुटुंबाच्या साथीने ही कंपनी उभी केली, ज्यांच्या कारखान्याची आज आपण घोषणा करतो आहोत, असं काहीतरी म्हणाला. सरांच्या पत्नीही उठून उभ्या राहिल्या. मी टाळ्या वाजवल्या. हात चांगले वाजले.

 परतीच्या गाडीत प्रणालीचे बाबा ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये म्हणून हळू म्हणाले, "म्हंजे गोयी त्याइची, कंपनी त्याइची. अन गोयीनं काही वाईट होते का, थे पाहनारे बी तेच?"

"मंग त्यात काय? त्यांनीच शोधली त त्यांचीच असंन."

"तुले खाज सुटली, हे मांडाचं कोनी? त्याइनंच ना?"

मी बाही वर सारून हात खाजवायला लागले.

घरात

त्या आठवड्यात आमच्यात जेवढं भांडण झालं तेवढं लग्नापासून झालं नव्हतं. ते म्हणायचे गोळी बंद कर. मी म्हणायचे, तुम्हाला काय, हात माझे आहेत. "तुले हात पाह्यजे का जीव?" असं ते एकदा ओरडले, आणि मी ओरडून म्हणाले, "हात." प्रणाली सुट्टीला आली होती. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "उद्या चिखलीले जायचं. मॅडमकडे. मी नेते."

देशमुख मॅडमनी माझे डोळे खाली ओढून पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. रक्त घेतलं. पाण्यातून होणाऱ्या काविळीच्या सगळ्या तपासण्या केल्या. त्यातलं एकही निघालं नाही. लिव्हरचे आकडे मात्र फार वर गेले होते.

"गोळी आजपासून बंद," त्या म्हणाल्या. मग माझ्यासमोरच त्यांनी सरांना फोन लावला. सुरुवातीला "हो सर, हो सर" चाललं होतं. मग त्या म्हणाल्या, "सर, पण पाण्याच्या काविळीची तपासणी आपण तिथे केली होती का?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून त्या बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसल्या.

"त्यांनी मला हात लावून सांधा ओळखायला शिकवलं," त्या म्हणाल्या. एवढंच.

त्यांनी विचारलं, असं आणखी कोणाला झालं आहे का. मी कौसल्याबाईंचं नाव सांगितलं.

दुसरबीड

प्रणाली आणि मी चिखलीहून गाड्या बदलत दुसरबीडला गेलो. रस्त्याकडेच्या दुकानाचं शटर खाली होतं. कौसल्याबाई मागच्या खोलीत बाजेवर होत्या. अंग निम्मं झालेलं, पोट फुगलेलं, डोळे अजून पिवळे.

"या वं," त्या म्हणाल्या. "हात पाह्य, कसे मोकये झाले. अन आता भजे तळाची ताकदच नाही."

सुनेनं फोनवर सांगितलेलं पक्कं करायला मी विचारलं, "गोळी तुम्ही स्वतः सोडली का?"

"म्या काऊन सोडीन? हात मोकये झाले होते माह्ये. त्याइनंच म्हटलं येऊ नको."

सून पदराने डोळे पुसत होती. तिला एकच गोष्ट सगळ्यात जास्त लागली होती. "नाव कमी केल्यापासून कोनाचाबी फोन नाही आला, का बाई जित्ती हाय का मेली."

येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. तोपर्यंत मला वाटत होतं की माझ्या नवऱ्याला संशयाची सवय आहे. आता मला माझ्या समजूतदारपणाची भीती वाटायला लागली.

देशमुख मॅडमनी विद्यापीठाकडे तक्रार केली. करण्याआधी उंद्रीला घरी येऊन त्यांनी मला विचारलं. "तुमचं नाव येईल. बोलावतील. नाही म्हणालात तर मी तुमच्याशिवाय करीन."

मी हो म्हणाले. त्यानंतर गावात जे सुरू झालं त्याची मी कल्पना केली नव्हती. आमच्याकडचे पुष्कळ लोक सरांकडे जातात. पलीकडच्या आळीतल्या एका काकूंना सरांनी स्वतः रक्त मिळवून दिलं होतं. त्या माझ्या अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "ज्यानं तुले हात देल्ले त्याच्याच मागं लागली वं?"  काकू खोटं बोलत नव्हत्या. आणि तोवर गोळी बंद झाल्यामुळे सूज परत आली होती. मी त्यांना बसायला खुर्चीही उचलून देऊ शकले नाही.

सर

चौकशी समितीने बोलावलं त्या दिवशी आम्ही लवकर पोहोचलो. प्रणालीचे बाबा चहा आणायला गेले. मी बाहेरच्या बाकावर एकटी बसले होते आणि मोठे सर समोरून आले. मला पाहून थांबले, आणि बाजूला येऊन बसले.

"शोभाताई, मी पैशासाठी केलं असं वाटतं का तुम्हाला?"

ते थकलेले दिसत होते. दाढी नीट केलेली नव्हती. मी खरं तेच सांगितलं. "नाही सर."

"वीस वर्षं या एका गोळीमागे गेली माझी. कोणी पैसे द्यायला तयार नव्हतं. घर गहाण ठेवून कंपनी काढली. नाहीतर ही गोळी कपाटात पडून राहिली असती आणि तुमची मूठ कधीच मिटली नसती."

"खरंय सर."

"मग?"

 मी बोलले. "मी खाज सांगितली तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही सर. आधी पाहायचे. तुम्ही खोटं बोलले असं मी म्हणत नाही. तुम्हाला ते नको होतं, म्हणून तुम्हाला ते दिसलं नाही."

 सर म्हणाले, "पाण्याची कावीळ असेल असं मला खरंच वाटलं."

"कौसल्याबाईंचीही?"

ते उठले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो मी झटकला नाही. झटकायला हवा होता का, हे मला अजून कळत नाही.

समिती

लांबलचक टेबल, पलीकडे पाच-सहा माणसं. मध्ये एक वयस्कर बाई होत्या, त्यांनीच बहुतेक प्रश्न विचारले.

"औषधाने तुम्हाला फरक पडला का?"

"पडला. पुष्कळ."

"सरांनी कधी वाईट वागणूक दिली?"

"कधीच नाही."

टेबलाच्या कडेला बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "मग तुमची तक्रार नेमकी काय आहे?"

मी घाबरले. पण दुसरबीडची ती बाज डोळ्यांसमोर आली. "साहेब, आम्हाला गोळीचे धोके वाचून दाखवले. कंपनी सरांच्या घरची आहे हे वाचून दाखवलं नाही. ते कळलं असतं तर मी गोळी घेतली नसती असं नाही. घेतलीच असती. पण ते म्हणाले की ही पाण्याची कावीळ, तेव्हा मी दुसऱ्या डॉक्टरला विचारलं असतं. मी विचारलं नाही. कौसल्याबाईंनी विचारलं नाही."

त्या बाईंनी पान उलटलं. "कौसल्याबाई स्वतःच्या मर्जीने बाहेर पडल्या अशी इथे नोंद आहे."

"नाही पडल्या. त्यांना कावीळ बरी होईपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलं, आणि मग नाव कमी केलं. त्या माझ्यासमोर बोलल्या. त्यांची सूनही सांगेल. अजून बाजेवर आहेत त्या."

  बाईंनी चष्मा काढला आणि मला पाणी हवं का म्हणून विचारलं. ग्लास मला उचलता येईना. त्या उठून टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझ्या ओठांना ग्लास लावला. त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे.

काय झालं पुढे

लोकांना वाटतं अशा गोष्टीचा काहीतरी मोठा निकाल लागतो. सर अजून तिथेच शिकवतात. त्यांना या औषधाच्या संशोधनातून बाजूला केलं. ट्रायल काही काळ थांबवली आणि मग दुसऱ्या डॉक्टरांकडे दिली. कौसल्याबाईंच्या उपचारांची जबाबदारी विद्यापीठाने घेतली, आणि त्यांची नोंद दुरुस्त केली. त्या हळूहळू उभ्या राहिल्या. दुकान आता सून चालवते. नोंद बदलल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे आता म्या खरीखुरी बीमार झाले म्हना," आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

देशमुख मॅडमशी त्यांच्या सोबतच्या काही डॉक्टरांनी बोलणं टाकलं. त्या हे मला सांगत नाहीत, त्यांच्या कंपाउंडरकडून कळलं.

मी जुन्या गोळ्यांवर आहे. लिव्हर सुधारलं, खाज गेली. हात परत आखडले आहेत. म्हणून ही सगळी हकीकत मी बोलले आणि प्रणालीने लिहून घेतली. तुम्ही यातून जात असाल तर एवढंच सांगते: डॉक्टर किती चांगला आहे यावरून आपल्या अंगात काय होतं आहे ते ठरवू नका. आणि औषध नवीन असेल तर ते कोणाचं आहे, हे विचारा. विचारताना लाज वाटली तरी विचारा.

मागच्या आठवड्यात नव्या डॉक्टरांचा फोन आला. तरुण वाटले. म्हणाले, गोळीचा डोस कमी करून, दर आठवड्याला रक्त तपासून परत सुरू करतो आहोत. तुम्हाला तिचा गुण आला होता, पण त्रासही झाला होता, म्हणून तुम्हाला सध्या घेणार नाही. पुढे वाट मोकळी झाली तर यायचं का, याचा विचार करून ठेवा. मी विचारलं तेव्हा म्हणाले, कौसल्याबाईंना मात्र ती गोळी कधीच देता येणार नाही.

मी म्हटलं, "साहेब, त्या कंपनीत तुमचा काही हिस्सा आहे का?"

 

"माझा नाही," ते म्हणाले. "घरात कोणाचाही नाही. पण विद्यापीठाचा आहे, ताई. औषध विकलं गेलं तर विद्यापीठाला त्यातून मिळेल. आणि माझा पगार विद्यापीठच देतं. हे तुम्हाला माहीत असायला हवं."

"बरं," मी म्हटलं. "विचार करून सांगते."

प्रणालीचे बाबा शेडनेटखाली ट्रेला पाणी घालत होते. नळी बंद करून त्यांनी विचारलं, "काय म्हनत होते?"

"खरं सांगत होते," मी म्हणाले. "म्हणूनच अवघड झालं."